दसऱ्याच्या दिवशी चाललेला माग

१

दिघोरीच्या बायकांचे पैसे एका मेलेल्या माणसाच्या खात्यात गेले होते. बँकेने तसं कागदावर लिहूनच दिलं होतं. खातेदाराचं नाव डोमा पराते, राहणार भंडारा. आणि त्या डोमाची बायको शोभाताई मोहाडीला आपल्या भावाच्या पेढीवर बसून तोच कागद हातात धरून होती.

तिला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. उन्हाळ्यात डोमा गेला तेव्हापासून तिला भूक लागत नव्हती, झोप लागत नव्हती आणि कोणाचं बोलणंही लागत नव्हतं. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, आत सगळा शुकशुकाट होता.

"हे डोमाचंच खातं नं?" भैय्यालालने विचारलं.

"त्याचंच दिसते, दादा."

"तू बंद नाही केलं?"

"नाही."

"काहून?"

बंद करायचं म्हणजे मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जायचं, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला तो शब्द सांगायचा. तिने ते केलं नव्हतं. का नाही, हे तिलाही नीट माहीत नव्हतं.

भैय्यालाल सोनकुसरे म्हणजे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचा जुना व्यापारी. दिघोरीचा महिला गट त्याला कोशाचं सूत कातून देई, मोहाडीचे विणकर साड्या विणत आणि साड्या नागपूरच्या शोरूमला जात. पूर्वी बाजाराच्या दिवशी पिशवीतून नोटा निघत आणि ज्याच्या त्याच्या हातावर पडत. मग मुलगा अनुप पुण्याहून पदवी घेऊन आला आणि पैसा कंप्युटरात शिरला. आता ऑपरेटर अंकुश मेश्राम बिल भरून पैसे कोणाला जायचे ते टाकायचा. मग भैय्यालालच्या फोनवर एक नंबर यायचा. तो नंबर टाकल्याशिवाय दमडी हलत नसे. एका कुलपाच्या दोन किल्ल्या, असं अनुप म्हणायचा.

ऐन दसऱ्याच्या दिवशी दोन्ही किल्ल्या फिरल्या होत्या. नाव दिघोरीच्या गटाचंच होतं, पण खात्याचा आकडा बदललेला. बँकेने आकडा पाहिला, नाव पाहिलं नाही. पुढच्या दिवसांत तुमसरच्या मशिनीतून डोमाचं कार्ड घालून कोणीतरी ते पैसे काढूनही नेले.

"अंकुशच आहे," भैय्यालाल म्हणाला. "त्याच्याच लॉगिनवरून गेले. आन् डोमाचे फॉर्म भराले तुझ्या घरी तोच येत होता. संध्याकाळी ठाण्यात जाऊन त्याचं नाव देतो. तुझं नाव मी येऊ नाही देत."

अंकुश बाहेर ओसरीच्या पायरीवर बसलेला दिसत होता. त्याला कोणी आत बोलावलं नव्हतं आणि घरीही जाऊ दिलं नव्हतं. पोलिसात नाव गेलं, की या मुलाला जिल्ह्यात कोणी कंप्युटरला हात लावू देणार नाही, हे शोभाताईला कळत होतं. निवृत्त होईपर्यंत ती एका पतसंस्थेत तपासनीस होती आणि नाव एकदा गेलं की परत येत नाही हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं.

"संध्याकाळपर्यंत थांब. मले विचारू दे सगळ्याले."

"तू?" भैय्यालाल उगाच हसला. "सकाळी तुझ्या चहात साखर टाकायची राहिली तं तुले समजलं नाही, आन् तू चोर पकडतं?"

"दसऱ्याच्या दिवशी तुझा फोन कुठे होता, दादा?"

"देवघरात, पूजेत. त्याले हात लावाची कोणाची छाती आहे?" मग त्याचा आवाज उतरला. "आन् लावून करते काय? दसऱ्याले एक फोन नाही आला यंदा. सारे विणकर, सारे व्यापारी विसरले. पैसा मशिनीतून जाऊ लागला का माणसं विसरतेत, शोभा."

२

या घरात खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला लागत. मागाचा धोटा, तराजू, कात्री. अलीकडे कंप्युटरचा माउस आणि मालकाचा फोनही चौरंगावर बसू लागला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत वस्तू जागची हलवायची नाही. दसऱ्याला गावात हातमाग चालत नाही. मागालाही हळदकुंकू लागतं आणि विणकर त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसतात.

"त्याले काय पूजेचं सोयरसुतक?" अंकुशबद्दल घरातून एवढं म्हणून झालंच होतं. मेश्रामांच्या घरात बुद्धवंदना होते, देवघर नाही. तेव्हा पूजेतल्या वस्तूला हात लावणारा तोच, असा सरळ हिशोब. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्यासी जवळपास तरी हवा.

"तू कुठं होता रे दसऱ्याले?" शोभाताईने पायरीवर बसत विचारलं.

"दीक्षाभूमीले, ताई. आईले घेऊन. पहाटेच निघालो, रात्री उशिरा आलो. माझ्यासंगं आमचा पूर्ण मोहल्ला होता."

"लॉगिन तुझं आहे."

"पासवर्ड अनुपभाऊनंच करून देला होता. बदलव म्हणे, मी नाही बदलवला." तो खाली पाहून म्हणाला, "ताई, फोनवरचा नंबर मले नागपुरात कसा दिसन?"

"आणि डोमाचा फोन? त्याचं कार्ड?"

"ते मी नाही नेलं. तुम्हीच कोणाले तरी पिशवी देली होती. आठवा नं."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. तेराव्याच्या दिवशी डोमाचा चष्मा, बँकेचं कार्ड, पासबुक आणि फोन असं सगळं तिने एका कापडी पिशवीत घालून कोणाच्या तरी हातात दिलं होतं. "बँकेचं पाहून घेऊ," असं काहीसं ते माणूस म्हणालं होतं. हात आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. त्या दिवशी तिने चेहरे पाहिलेच नव्हते. अंकुश असेल, अनुप असेल, कपडे वाटायला नेणारी अनुपची बायको रेणूही असेल. दुपारपासून तिने तिघांनाही विचारलं होतं आणि तिघेही नाही म्हणाले होते.

त्या फोनचं तिला वाईट वाटायला हवं होतं. डोमा जातीचा विणकर. घरातला माग विकायच्या दिवशी त्याने शेवटची दोन बोटं विणली आणि मागाचा खटखटाट फोनात भरून घेतला. मग फोन आला की तोच वाजायचा. बाजारात लोक वळून बघायचे आणि ही लाजायची.

अंकुशला काही सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तिने सांगितलं नाही. दसऱ्याला ती याच घरी होती. वर्षाच्या आत सण नको म्हणून माडीवरच्या खोलीत एकटीच पडून होती आणि तिला मागाचा आवाज ऐकू आला होता. खटखट, खटखट. थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ज्या दिवशी गावात एकही माग चालत नाही त्या दिवशी. डोकं फिरायला लागलं, असं तिने ठरवून टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

३

रुखमिणीवहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिला विचारायचीही गरज पडत नसे, ती आपोआप बोलायची.

"पूजा कशी झाली यंदा, वहिनी?" शोभाताईने तांदळात हात घालत विचारलं.

"शांतीनं झाली, बाई. मागच्या साली तुमच्या भावाच्या फोनानं जीव नकोसा केला होता. कानानं ऐकू येत नाही म्हणून एवढा मोठा आवाज करून ठेवतेत! आरतीच्या मधातच बोंबलला होता. यंदा मुकाट पडला होता बिचारा."

"आवाज बंद केला असन कोणी."

"यायले कुठं येते बंद कराले? फूल वाहाले मी दहादा गेली, एकदा नाही वाजला." वहिनीने सुपातला खडा फेकला आणि आवाज खाली आणला. "पण कलियुग आलं, शोभाताई. दसऱ्याच्या दिवशी कोणीतरी माग चालवून राहिलं होतं!"

शोभाताईचा हात तांदळातच थांबला.

"तुम्ही ऐकला?"

"ऐकला म्हणजे? रेणू आन् मी वडे तळत होतो, अनुप खाली गाडी धूत होता. वरतून आवाज आला, खटखट खटखट. मी रेणूले म्हटलं, बाई, कोणाच्या घरचा पापी आहे हा? मले वाटलं मागच्या गल्लीतला. थांबे आन् पुन्हा चाले."

"रेणू काय म्हणाली?"

"काय म्हणते? ऐकलं नाही म्हणाली. तिचं लक्ष कढईत."

शोभाताई उठली. आवाज तिच्या डोक्यातला नव्हता. डोक्यातला आवाज दुसऱ्याच्या कानाला ऐकू येत नाही.

४

दिघोरीची मंगलाबाई लाखांदूरच्या एसटीने दुपारीच येऊन अंगणात बसली होती. बरोबर गटातल्या आणखी दोघी. धानाचं काम नसतं तेव्हा या बायका कोसा कातत. हक्काच्या कमाईसाठी यावं लागलं याचा राग त्यांच्या बसण्यातच दिसत होता. दिलेला चहा तिघींनीही खाली ठेवला होता.

"बाई, आमाले मशीन नोको सांगू," मंगलाबाई म्हणाली. "तुमच्या कागदावर पैसे गेले, आमच्या खात्यात आलेच नाही. बायकाइले मी काय सांगू?"

"तुम्ही दादाले फोन नाही केला?"

"दसऱ्यालेच केला नं! सोनं घ्या म्हणाले, आन् पैशाचंही इचाराले. तीनदा लावला. घंटी जाये, उचले कोणी नाही. मोठ्या माणसाचा सण, म्हणून मंग नाही लावला."

"घंटी जात होती? बंद आहे असं नाही सांगितलं?"

"घंटी जात होती, बाई. बह्यरी नाही मी."

शोभाताई आत गेली. तिने भावाचा फोन मागून घेतला आणि त्यात दसऱ्याचा दिवस शोधला. आदल्या दिवशीचे फोन होते, दुसऱ्या दिवशीचे होते. दसऱ्याचा एकही नव्हता. आलेला नाही, सुटलेला नाही. मंगलाबाईचा तर नाहीच.

"दादा, खंडेनवमीले हा फोन पुसला कोणी?"

"कव्हर काढून अनुपनंच पुसला. दरसाल तोच पुसते. मले कुठं दिसते?" भैय्यालाल म्हणाला आणि मग बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्याने चष्मा काढला. "काहून विचारलं?"

५

तिने सगळ्यांना पेढीवर बसवलं. अंकुशला पायरीवरून उठवून आत आणलं, मंगलाबाईलाही गादीवर बसवलं. अनुप दाराला टेकून उभा राहिला. हसतमुख, नीटनेटका. डोमाच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा यानेच मारल्या होत्या. तिला तो आवडायचा. आवडतो असं आताही म्हणता आलं असतं, पण आत हात घातला तर हाताला काहीच लागत नव्हतं.

"फोन पूजेत होता हे खरं," ती म्हणाली. "त्याले कोणी हात लावला नाही, हेही खरं. पण त्यात सिम नव्हतं."

तिने भावाचा फोन सगळ्यांच्या मधोमध गादीवर ठेवला.

"मंगलाबाईनं तीनदा लावला, घंटी गेली. देवघरात मात्र काहीच वाजलं नाही. मुका करून ठेवला असता, तरी सुटलेल्या फोनची नोंद राहिली असती. तीही नाही. दादा, तुले कोणी विसरलं नाही. साऱ्यांनी फोन केले असतील. ते दुसरीकडे वाजले."

"कुठे?" भैय्यालालने विचारलं.

"माडीवर. मी ऐकले, वहिनीनंही ऐकले. आम्हाले वाटलं माग चालून राहिला. दसऱ्याले कोणता विणकर मागाले हात लावते? तो डोमाचा फोन वाजत होता. त्यात दोन सिम बसतात. एक डोमाचं होतं, दुसरं तुझं घातलं होतं; उत्तरपूजा झाल्यावर ते तुझ्या फोनात परत आलं."

रुखमिणीवहिनीने तोंडावर पदर धरला.

"अंकुश दीक्षाभूमीले होता. फोन नागपुरात असता तर मले इथे ऐकू आला नसता. वहिनी आणि रेणू चुलीपाशी होत्या. दादा चौंडेश्वरीच्या दर्शनाले गेला होता. खंडेनवमीले पुसायच्या निमित्तानं ज्याले सिम काढता आलं, तो माणूस एकच. चौरंगावर ठेवलेल्या फोनाले दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत कोणी उघडून पाहणार नाही, हे त्याले पक्कं माहीत होतं. आपल्या घरात देवाइतकी चांगली तिजोरी नाही."

"आत्या, काहीही काय?" अनुप हसला. "माझा फोन आहे नं माझ्यापाशी."

"तुझ्या महागड्या फोनात एकच सिम बसते. ते काढलं असतं तर सणाच्या दिवशी तुले सारे शोधत बसले असते. फोन माडीवर ठेवून तू खाली गाडी धुवाले आला, आणि नेमका तेव्हाच तो वाजला."

"हे सारं अंदाज. फोन कुठं आहे?"

ते मात्र तिला माहीत नव्हतं. इथवर आणलेली गाडी इथेच रुतणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात रेणू उठली. कोणाकडे न पाहता जिना चढून वर गेली आणि खाली आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. ती तिने शोभाताईच्या मांडीवर ठेवली.

"आवाज मीही ऐकला होता, आत्याबाई," ती म्हणाली. "कपाटात पाहिलं तं हे होतं. मी विचारलं यायले. दिवाळीपर्यंत गप्प राह्य म्हणाले."

अनुपचं हसू हळूहळू उतरलं. मग त्याने सगळं सांगितलं, तेही एखादं बिल समजावून सांगावं तसं. शोरूमच्या बिलावर एक फायनान्स कंपनी आधीच पैसे देत होती. शोरूमने साड्यांचा गठ्ठा परत पाठवला, कंपनीने पैसे परत मागितले. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. दिवाळीच्या विक्रीतून भरून टाकणार होता. गटाला तेवढे दिवस थांबा म्हणणार होता.

"आन् डोमाचं खातं काहून?" भैय्यालालने विचारलं.

अनुप आत्याकडे पाहून म्हणाला, "मेलेल्या माणसाले मेसेज गेला तं वाचते कोण? आन् आत्या, पिशवी तूच देली मले. मी म्हटलं बँकेचं पाहून घेतो, तं तू माझ्या तोंडाकडेही नाही पाहिलं. तुले काही समजतच नव्हतं तेव्हा. मले वाटलं, तुले कळणारच नाही. कळलं तरी तुले काय फरक पडते?"

आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. दळणारी आपणच, हे शोभाताईला तेव्हा स्वच्छ दिसलं.

६

भैय्यालालने गादीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "शोभा, आता ठाण्यात जाऊ का नोको?"

"मघा निघाला होता नं, दादा? ठाणं तेच आहे. नाव तेवढं बदल."

तो उठला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. आधी दिघोरीचे पैसे पाठव, असं त्याने अंकुशला सांगितलं. अंकुश कंप्युटरसमोर बसला आणि हात मांडीवरच ठेवून थांबला.

"काकाजी, मले चोर म्हटलं ते आधी मागं घ्या. मंग नंबर सांगा."

पेढीवर आजवर असं कोणी बोललं नव्हतं. भैय्यालालने बायकोकडे पाहिलं, मग चौकटीला टेकलेल्या मुलाकडे.

"चुकलो, बाप्पा," तो म्हणाला. "घे. लिही."

मंगलाबाईच्या कमरेच्या बटव्यात फोन वाजला, तेव्हा तिने त्यावरचा मेसेज दोन्ही बायकांकडून वाचून घेतला आणि मगच गार झालेला चहा प्याली. जाताना तिने वहिनीकडे आपट्याची पानं मागून घेतली. दसऱ्याचं राहिलं होतं, म्हणाली.

शोभाताईला भंडाऱ्याच्या गाडीत बसवून द्यायला अंकुश थांब्यापर्यंत आला. उन्हं उतरली होती. थांब्यावरच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिने आतला फोन काढला, बटण दाबून धरलं आणि काच उजळेपर्यंत वाट पाहिली. मग बाजूची कळ वर करून आवाज पुरता वाढवला.

"तुझ्यापाशी डोमाचा नंबर आहे का रे?"

"आहे, ताई. पुसला नाही मी."

"लाव."

त्याने लावला. मांडीवर माग चालू लागला. खटखट, खटखट. बाकावरची माणसं वळून बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, हे काय बाप्पा, थांब्यावर माग? या वेळी शोभाताई लाजली नाही. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटला तो रडण्याचाच. उन्हाळ्यापासून अडलेलं सगळं बाहेर आलं. ती मोठ्याने, लोकांसमोर, लाज न धरता रडली.

घंटी संपली आणि माग थांबला. अंकुश काही विचारायला गेला नाही. त्याने पुन्हा लावला.